छत्तीस इंची वारसा

मराठी मध्यमवर्गीय घरात टेबलक्लॉथ आधी आला आणि जेवणाचं टेबल नंतर, तेही चांगलं वीस-पंचवीस वर्षांनी. आईच्या किंवा सासूबाईंच्या ट्रंकेतून निघणारे भरतकामाचे चौकोन आजच्या सहा माणसांच्या टेबलावर पसरून बघितले, तर मधोमध कुणी हातरुमाल विसरून गेल्यासारखं दिसतं. यात चौकोनांचा काही दोष नाही. ते त्या टेबलासाठी केलेच नव्हते.

पन्नास-साठच्या दशकांतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. जेवण स्वयंपाकघरात, जमिनीवर, पाट मांडून. टेबल म्हणाल तर बाहेरच्या खोलीत एक रेडिओचं, एक वडिलांच्या कागदपत्रांचं आणि मुलांच्या अभ्यासाचं मिळून, आणि परिस्थिती जरा बरी असेल तर टीपॉय. शिवणाचं मशीन मिटवून ठेवलं की तेही टेबलच. एकावर एक रचलेल्या दोन ट्रंकांनाही टेबलाचा मान मिळे. या सगळ्यांवर कापड पडायचं ते मुख्यतः खालचं झाकायला: उडालेलं पॉलिश, शाईचे डाग, ट्रंकेवर रंगवलेलं नाव-गाव. आणि आल्यागेल्याच्या नजरेस पडावं म्हणून. त्यावर ताट मांडून कुणी जेवेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आकार ठरवला तो पन्ह्याने. पांढरं केसमेंट किंवा पॉपलिन बहुधा छत्तीस इंची पन्ह्याचं मिळे. एक वार फाडून घेतलं की चारी बाजू सारख्या. कडा दुमडून हेम घातली की झालं, चिंधीही वाया जात नाही. देशात १९५८ पासून मेट्रिक मापं लागू होऊ लागली, दुकानदार मीटरने मोजू लागले, तरी बायका पुढे कितीतरी वर्षं वारानेच बोलत राहिल्या आणि टेबलक्लॉथही वारभराचाच राहिला.

हे भरतकाम घरोघरी पोचलं कसं? कशिदा आपल्याला नवा नव्हता, पण कोपऱ्यात गुलाबाचा गुच्छ आणि कडेने काज टाका ही तऱ्हा शाळेच्या वाटेने आली. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण असे. पुढे ती रीत आपल्या शाळांनीही उचलली. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलींना इंग्रजी-गणित शिकवावं की घरकामाला उपयोगी पडेल ते, यावर ‘केसरी’ने बरीच शाई खर्च केली होती. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढलं. तिथे शिवण-भरतकामाकडे बघायची नजर वेगळी होती. आधार तुटलेल्या बाईला स्वतःचे चार पैसे मिळवता यावेत, हा त्यामागचा विचार. एकाच सुईचे हे दोन उपयोग, एकीकडे गृहकृत्यदक्षतेचा दाखला आणि दुसरीकडे पोटापाण्याचं साधन, पुढेही बरोबरीने चालत राहिले. माझ्या पिढीपर्यंत येताना तिसराच उपयोग उरला: कार्यानुभवाच्या तासाला मार्क. साधी टीप, उलटी टीप, साखळी, काश्मिरी टाका, गाठीचा टाका असे नमुने वहीत चिकटवायचे आणि वर्षाअखेरीस बाईंना दाखवायचे. बाई पुढची बाजू बघतच नसत. कापड उलटं करत आणि मग मार्क देत.

नक्षी कापडावर उतरवणं हा एक स्वतंत्र खटाटोप होता. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडत जायचं, कागद टाचण्यांनी कापडावर पक्का बसवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचं फूल. घरभर वास. ज्यांना हे नको असे त्या कार्बन पेपर घेत, नाहीतर छापे मारून देणाऱ्याकडे कापड टाकत. फुलीच्या टाक्याचं काम असेल तर छाप्याची गरजच नाही, दसुती किंवा मॅटीचे धागे मोजत जायचं. जुन्या कापडावर कधी कधी पानाच्या कडेला एखादी निळी रेघ अजून डोकावते. तिथे छाप्यातला आकार भरणारीला पटलेला नसतो.

माझ्या आईच्या एका टेबलक्लॉथवर चार कोपऱ्यांत चार सारखे गुच्छ आहेत. तीन कोपऱ्यांतले गुलाब दोन पदरी धाग्याने भरलेले, टाक्याला टाका लागून, मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ. चौथ्यात तीच फुलं तीन पदरी, टाके लांब लांब, पानं साखळीवर उरकलेली, मागे गाठी आणि या फुलावरून त्या फुलावर मारलेल्या धाग्याच्या उड्या. लग्नाची तारीख जवळ आली होती, दुसरं काय!

कारण हे सगळं जायचं रुखवतात. कार्यालयाच्या एका भिंतीशी टेबलं जोडून लाडू-चिवड्याच्या ताटांशेजारी मुलीच्या हातचं काम मांडलेलं असे: उशांचे अभ्रे, पडदे, मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल आणि हमखास एक टेबलक्लॉथ. वरपक्षाच्या बायका येऊन कोपरा उलटून बघत, अगदी शाळेतल्या बाईंसारख्या. सगळंच नवरीने केलेलं नसे, हेही सर्वांना माहीत असे. बहीण, मावशी, शेजारच्या काकू यांचे हात त्यात मिसळलेले असत. म्हणून ‘हे आईने भरलंय’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मला ते अर्धंच खरं वाटतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९८२ मध्ये पडदा रंगीत झाला, त्या दशकभरात घरात झाकण्यासारख्या वस्तू भराभर वाढल्या. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, टेपरेकॉर्डर, पुढे टेलिफोन. प्रत्येकाला झालरीचं कव्हर. ज्यांनी वारभर कापडावर हात बसवला होता त्यांनी हाच हात तिकडे वळवला. आज या झाकाझाकीची टर उडवली जाते. ती वस्तू घ्यायला किती महिन्यांचे हप्ते भरलेले असत, हे आठवलं तर ती जरा कमी उडेल.

जेवणाचं टेबल आलं ते साधारण याच सुमारास, ब्लॉकमधल्या घराबरोबर. त्यावर टेबलक्लॉथ का नाही रुजला? पहिलं कारण सांगताना लोक हळद-आमटीच्या डागांचं नाव घेतात. मला दुसरं कारण मोठं वाटतं, ते म्हणजे खरकटं. जिथे भाताचं शीत पडलं ती जागा जेवण झाल्यावर पुसून काढायची, हे जमिनीवर जेवताना अंगात मुरलेलं होतं. कापड कसं पुसणार? रोज दोन वेळा धुणार? फरशीसारखं ओल्या फडक्याने पुसता येईल असंच काहीतरी हवं होतं, आणि ते सनमायकाने दिलं, मीटरवर मिळणाऱ्या प्लॅस्टिकने दिलं. त्या प्लॅस्टिकवर सफरचंद-द्राक्षांची चित्रं असत. फणसगरे आणि काजूच्या बियांचं प्लॅस्टिक कोकणातसुद्धा कुणी विकत नव्हतं. हौशी मंडळींनी मधला मार्ग काढला: खाली भरतकाम, वर पारदर्शक प्लॅस्टिक किंवा काच. मुंबईच्या जुन्या इराण्यांकडे चौकडीचं कापड काचेखाली असतं तसंच. काच ठीक, पण प्लॅस्टिक उन्हाळ्यात कापडाला चिकटायचं आणि काही वर्षांत पिवळं पडायचं. कापडावर पिवळट झाक आली ती तिथूनच.

गोव्याची गोष्ट निराळी. तिथल्या ख्रिस्ती घरांत मोठं जेवणाचं टेबल पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्यामुळे कापडही त्या मापाचं, लांबरुंद. तिकडून वारशात आलेला टेबलक्लॉथ खरोखर टेबलावर बसतो. पण खाडीजवळच्या दमट हवेत त्याला बुरशीचे काळे ठिपके आलेले असतात, ते काही केल्या जात नाहीत. जास्त घासलं तर ठिपक्याच्या जागी भोक पडतं.

नव्वदच्या दशकानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. नोकऱ्या लांब गेल्या, जाता-येता लोकलमध्येच विणकाम झालं तर झालं, रुखवत तयार मिळू लागलं आणि ताटाखाली मॅट आल्या. आता ज्यांनी भरलं त्या पिढीची घरं आवरायची वेळ आमच्यावर आली आहे. दागिन्यांची वाटणी होते, साड्या मुली-सुना निवडून घेतात, भांडी कुणीतरी नेतं. टेबलक्लॉथचा गठ्ठा मागे राहतो. बोहारीण तर त्याकडे बघतसुद्धा नाही; तिला जरीची साडी हवी, नाहीतर चांगली पँट.

गठ्ठा हाती आला की पहिल्यांदा धुवू नये. उजेडात धरून बघावं. घडीच्या रेघेवर धागे तुटायला आलेले असतात, कारण वर्षानुवर्षं कापड एकाच ठिकाणी मोडलेलं असतं. खळ घालून ठेवलेलं असेल तर कसर लागलेली असते. साबुदाण्याची खळ कापड उभं राखते तशी किड्यांना मेजवानीही देते. म्हणून ठेवणीतल्या कापडाला खळ घालूच नये, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नये. जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळून, दर दोन-चार महिन्यांनी घडी बदलून ठेवलं की पुरे. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत.

लाल आणि गडद निळा धागा असेल तर पांढरं फडकं ओलं करून त्यावर दाबावं. रंग उतरला तर पाण्यात बुडवायचं नाही. उतरला नाही तर गार पाणी, सौम्य साबण. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि माणसं घाबरून चोळत सुटतात. चोळू नये. साबण धुऊन काढायचा आणि डाग चक्क उन्हात ठेवायचा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. काही दिवसांत फिका पडत पडत नाहीसा होतो. गंजाच्या डागाला लिंबू, मीठ आणि ऊन, मग भरपूर पाणी. ब्लीचचं नावही काढू नका: गंज तर जात नाहीच, जुनं सूत मात्र विरतं. आणि क्रोशाचं काम दोरीवर वाळत घालू नये, स्वतःच्या ओल्या वजनाने ते लांबतं. टॉवेलवर आडवं पसरावं. एक फास तुटलेला दिसला तर तो आधी दोऱ्याने धरावा; धुण्यात शेजारचे चार निसटतात.

वापराबद्दल माझं मत असं आहे की मोठ्या टेबलाचा नाद सोडावा. वारभर कापड चौरंगावर चपखल बसतं, आणि गणपती-गौरींत ते चौरंगावर घालणारी घरं मला माहीत आहेत. टीपॉयवर बसतं. मोठ्या टेबलावर घालायचंच असेल तर खाली गडद रंगाची साधी खादी पसरून वर हा चौकोन तिरका टाकावा. कोपऱ्यांतले गुच्छ चारी बाजूंना येतात आणि डाग पडले तर खादीवर पडतात. भिंतीवर चौकटीत लावायची सध्या फॅशन आहे. सूर्यप्रकाश येत नसेल त्या भिंतीवर लावा, नाहीतर हळदीबरोबर गुलाबही उडेल.

कापावं की नाही, यावर घराघरांत भांडणं होतात. धड असलेलं कापू नये. पण मधोमध विरलेलं कापड ‘आठवण’ म्हणून जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. आपल्याकडे कापडाची उतरंड ठरलेली होती: टेबलक्लॉथ, मग झाकण्या, मग फडकं, शेवटी पोतेरं. चांगला उरलेला भाग गोधडीत जाई. भरलेले कोपरे कापून गोधडीच्या वरच्या थरात बसवले, तर ज्यांनी ते भरले त्या बायकांनाच नवल वाटणार नाही. त्याआधी एक काम मात्र करावं. कुणी भरलं, कधी, कुणाच्या लग्नात, हे माहीत असलेली मावशी किंवा आत्या अजून असेल तर तिला फोन करावा आणि कापडाच्या पट्टीवर लिहून ती मागे टाचावी.

आणि जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात एक अर्धवट सापडतो. अर्धा गुच्छ भरलेला, बाकी निळे ठिपके, रिंगचा वळ उमटलेला, सुई तशीच टोचलेली. सुई आधी काढावी, ती गंजून कापड खाते. पुढे काय करावं यावर माझं आणि धाकट्या बहिणीचं पटत नाही. मी म्हणते, आहे तिथे थांबू दे. ती म्हणते, ‘‘ताई, अगं ते पुरं करण्यासाठीच ठेवलं असेल ना कुणीतरी!’’ लडीच्या कागदी पट्टीवरचा नंबर घेऊन ती तुळशीबागेत धागा शोधते आहे. त्याच नंबरची नवी लडी मिळाली, पण जुन्या गुलाबी रंगाशेजारी ती भडक दिसते. आता ती नवा धागा काही दिवस गच्चीवर वाळत घालणार म्हणते.