मेसेज 'गेला' म्हणजे 'पोचला' का?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात वीस रुपयांवरून बरंच वाजलं. शनिवारची बैठक शुक्रवारी घ्यायचं ठरलं, म्हणून सचिव ताईंनी गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांना मेसेज टाकला. दहा जणी आल्या, एक ताई आल्या नाहीत. नियमाप्रमाणे गैरहजेरी लागली आणि वीस रुपये दंड. शिवाय त्याच बैठकीत अंतर्गत कर्ज वाटायचं होतं. त्या ताईंनी खतासाठी पाच हजार मागितले होते. त्या हजर नाहीत म्हणून ते पैसे दुसरीला गेले.

नंतर त्या म्हणाल्या, "मला मेसेज आलाच नाही." सचिव ताई म्हणाल्या, "हे बघा, माझ्या मोबाईलवर गेला असं दाखवतंय." झालं! कोण खोटं बोलतंय यावरच सगळी चर्चा. खरं तर दोघीही खरं बोलत होत्या. ते कसं, हे समजायला मेसेज कुठून कुठे जातो ते बघू या.

मेसेज थेट जात नाही

आपण फोन लावतो तेव्हा समोरचीचा मोबाईल चालू असावा लागतो. मेसेजचं तसं नाही. तो पोस्टातल्या पत्रासारखा जातो. आपण 'सेंड' दाबलं की मेसेज आधी जवळच्या टॉवरकडे जातो. टॉवरकडून तो आपल्या सिम कंपनीच्या मेसेज केंद्रात पोचतो. हे केंद्र म्हणजे आपलं पोस्ट ऑफिस समजा. केंद्राने मेसेज घेतला की आपल्या मोबाईलवर 'गेला' अशी खूण येते. म्हणजे पत्र पेटीत पडलं, एवढंच. घरी पोचलं असा त्याचा अर्थ नाही.

मग केंद्र शोध घेतं, की हा नंबर आत्ता कुठल्या भागात आहे? आपला मोबाईल चालू असला की आपण कुठल्या भागात आहोत हे तो अधूनमधून कंपनीला कळवत असतो. त्याची नोंद कंपनीकडे असते. त्या नोंदीवरून मेसेज तिथल्या टॉवरकडे आणि टॉवरकडून मोबाईलवर येतो. सगळं ठीक असेल तर हे काही सेकंदांत होतं.

पण मोबाईल बंद असेल, रेंज नसेल किंवा मेसेजची जागा भरलेली असेल, तर केंद्र तो मेसेज राखून ठेवतं आणि थोड्या थोड्या वेळाने परत पाठवून बघतं. मोबाईल चालू झाल्याचं कळलं की मेसेज येतो. मात्र राखून ठेवायलाही मुदत असते. ती कंपनी ठरवते. मुदत संपली की तो मेसेज कायमचा गेला, मग मोबाईल चालू करूनही येत नाही.

आमच्या त्या ताईंच्या वस्तीवर दोन दिवस लाईट नव्हती. मोबाईलची बॅटरी उतरलेली. मेसेज तेवढा वेळ केंद्रातच पडून होता.

नेट नसताना मेसेज कसा येतो?

व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं. साध्या मेसेजला लागत नाही. 'तुला फोन आलाय' हे टॉवर ज्या वाटेने मोबाईलला कळवतो, त्याच छोट्या वाटेने मेसेजही येतो. म्हणून बटणाच्या मोबाईलवर, कमी रेंजमध्ये, अगदी फोनवर बोलत असतानाही तो येतो. वाट छोटी, म्हणून निरोपही छोटाच लागतो.

मराठीत ७०, इंग्रजीत १६०

एका मेसेजमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसतात. मराठीला जागा जास्त लागते, म्हणून मराठीत ७०च. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा सगळं वेगळं मोजलं जातं. 'उद्या' हा शब्द आपल्याला दोन अक्षरी वाटतो, पण मोबाईल तो पाच धरतो. निरोप लांबला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळा जातो आणि समोरच्या मोबाईलवर परत जोडला जातो. पैसेही तुकड्यांप्रमाणे धरले जातात. एखादा तुकडा मागे राहिला तर निरोप अर्धवट येतो किंवा उशिरा दिसतो.

म्हणून निरोप असा लिहा: 'बैठक शनिवारी दुपारी ३ वाजता, अंगणवाडीत. पासबुक आणा.' हा एका मेसेजमध्ये आरामात बसतो.

पैसे जमा झाल्याचा मेसेज

इथे जास्त सांभाळायचं. पापड, मसाले विकताना गिऱ्हाईक म्हणतं, "पैसे टाकले, मेसेज आला ना?" आपल्याला मेसेज येतोही, पण तो बँकेचाच असेल असं नाही. 'तुमच्या खात्यात ५,००० जमा' एवढं कोणीही आपल्या मोबाईलवरून लिहून पाठवू शकतं.

आधी वर पाठवणाऱ्याचं नाव बघा. बँकेचे मेसेज नोंदणी केलेल्या छोट्या इंग्रजी नावाने येतात. साध्या दहा आकडी नंबरवरून 'जमा' असा मेसेज आला तर तो खरा धरू नका. आता या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही असतं: 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. पण नाव बरोबर दिसलं तरी खात्यातली शिल्लक बघितल्याशिवाय माल देऊ नका. उलट खरा मेसेजसुद्धा उशिरा येऊ शकतो. मेसेज नाही म्हणून पैसे आलेच नाहीत असंही नाही. शेवटी खातं आणि पासबुक काय सांगतं तेच खरं.

ओटीपी उशिरा आला तर घाईघाईने पुन्हा पुन्हा मागवू नका. जुना आणि नवा मागेपुढे येतात आणि गोंधळ होतो. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आमच्या गटाने काय ठरवलं

त्या ताईंच्या मोबाईलवर मेसेज दाबून धरला आणि 'तपशील' उघडला. पाठवला गुरुवारी संध्याकाळी, मिळाला शनिवारी सकाळी. दोन्ही वेळा तिथेच लिहिलेल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं. वीस रुपये परत दिले, इतिवृत्तात तशी दुरुस्ती केली, आणि पुढच्या बैठकीत खताच्या कर्जाला पहिला नंबर त्यांचा लागला. सचिव ताईंनी सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हटलं. मग आम्ही हे ठरवलं:

१. बैठकीचा दिवस बदलला तर मेसेजचं उत्तर 'हो' आलं पाहिजे.
२. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करायचा. फोन लागला नाही तर शेजारणीकडे निरोप द्यायचा.
३. नुसता मेसेज पाठवला म्हणून कोणाला दंड नाही.
४. महिन्यातून एकदा जुने मेसेज पुसायचे. बँकेचे मात्र ठेवायचे.
५. पैशाचा मेसेज आला की कोषाध्यक्षांनी पासबुकाशी ताळा करायचा.

तुमच्याही गटात असा दंड कोणाला लागला असेल, तर पुढच्या बैठकीत आधी तिच्या मोबाईलवरचा 'तपशील' बघा.