संगणकाचा आगाऊ मदतनीस आणि आपला रक्तदाब

मार्च महिना जवळ आला की पतसंस्था, करसल्लागारांच्या कचेऱ्या येथील मंडळी डोकेदुखी घेऊन दवाखान्यात येतात. हे दरवर्षीचेच. अलीकडे मात्र या तक्रारीला नवी पुस्ती जोडली जाते. "डॉक्टर, कामाचं काही नाही हो, पण संगणक मध्येच तोंड घालतो. मी टाइप करतोय, तर हा विचारतो, मदत करू का? डोकं उठतं." पन्नाशीच्या एका लेखनिक बाईंना तर कचेरीतल्या पोरांनी "मॅडम, तुम्हाला जमत नाही" असे सांगून टाकले होते. रक्तदाब १५०/९४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तर १३६/८६.

वाचकहो, बाईंना सगळे जमत होते. त्यांना नको होती ती लुडबुड.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे 'एआय', आता संगणकाच्या मूळ यंत्रणेतच घालून येते. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली विंडोजमध्ये 'कोपायलट' आणला आणि जानेवारी २०२४ मध्ये कीबोर्डवर त्यासाठी वेगळे बटण जाहीर केले. पडद्याची चित्रे थोड्या थोड्या वेळाने टिपून ठेवणारे 'रिकॉल' त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर झाले. त्यावर एवढी ओरड झाली की ते पुढे ढकलावे लागले. २०२५ मध्ये ते आले, पण वापरणाऱ्याने होकार दिला तरच सुरू होईल अशा बेताने. ॲपलच्या फोनवरील सारांशाने बीबीसीच्या नावावर चुकीची बातमी दाखवली. बीबीसीने तक्रार केली आणि जानेवारी २०२५ मध्ये बातम्यांपुरती ती सोय थांबली. म्हणजे मदतनीस मिळाला, पण त्याचे काम तपासायला पुन्हा आपणच!

यात आरोग्याचा प्रश्न कुठे आला? लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांचा अभ्यास मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी १९८५ पासून केला. साहेबाला ताण जास्त, अशी आपली समजूत. परंतु १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात हृदयविकाराचे प्रमाण खालच्या पायरीवरील नोकरांत जास्त होते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा नसणे. पडद्यावरच्या एका खिडकीने हृदयविकार होतो असे मी मुळीच म्हणत नाही. पण रोजच्या वापराचे हत्यार न विचारता बदलले, की माणसाचा ताबा थोडा थोडा सुटतो. चिडचिड झाली की ॲड्रेनालिन स्रवते, छाती धडधडते, मानेचे व कपाळाचे स्नायू आवळतात. डोक्याला पट्टा बांधल्यासारखे दुखते ते यामुळेच.

त्यात डोळ्यांची भर. एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे रोखून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. अशांनी संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. हा खर्च वाया जात नाही.

बाईंना मी औषध दिले नाही. कचेरीत संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सांगून नको असलेल्या सूचना बंद करून घ्या, म्हटले. विंडोज ११ मध्ये कोपायलट बहुधा इतर प्रोग्रामसारखा काढूनही टाकता येतो. साहेबांनी नकार दिला तर निदान टाइप करताना सूचना थांबवण्याची सोय असतेच, ती वापरावी. ज्यांना मदतनीस आवडतो त्यांनी खुशाल ठेवावा. एखादे इंग्रजी पत्र तो बरे लिहून देतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर, वीस फुटांपलीकडे पाहावे. चहा टेबलावर न मागवता उठून प्यायला जावे.

डोकेदुखीची गोळी मात्र टेबलाच्या खणात ठेवू नका. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस, असे तीन महिने वेदनाशामक घेतले तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. रक्तदाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, विश्रांतीनंतर मोजावा. तरीही १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला तर संगणकाला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. अचानक असह्य डोके दुखले, बोलणे अडखळले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर तसेच थेट रुग्णालय गाठावे.