मंगळवारचा केसरी

प्रभादेवी स्टेशन २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. गव्हर्नराचं नाव गेलं त्याच्या कितीतरी आधी आसपासचे भोंगे थांबले होते. पण २३ जुलै १९०८ला भोंगे वाजवणाऱ्या गिरण्या होत्या आणि आत जायला माणसं नव्हती, तेव्हा निमित्त होतं पुण्याच्या एका साप्ताहिकाचं.

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१, मंगळवारचा. संपादक आगरकर. पुढे मतभेद झाले आणि १८८७पासून पत्र टिळकांच्या हाती आलं. डौल आगरकरांचा जास्त, असं मला वाटतं. टिळकांची भाषा मात्र समोर बसून बोलणाऱ्याची. १८९७चा मथळाच बघा : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे कळायला शाळा लागत नाही, कुणीतरी मोठ्यानं वाचलं की झालं. वाचणारा एक, ऐकणारे दहा. त्या ‘काय?’वर वाचणारा क्षणभर थांबत असणार आणि कोपऱ्यातून कुणीतरी उत्तर देत असणार.

टिळकांवरच्या १९०८च्या खटल्यातले अग्रलेख दोन : ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतरचे. बॉम्बची तरफदारी नाही, पण ही पाळी दडपशाहीनं आणली, एवढं ठणकावून सांगितलेलं. ज्यूरीत सात युरोपीय, दोन पारशी. त्यांच्यापुढे मराठी अग्रलेख आला इंग्रजी भाषांतरातून. टिळक स्वतःच स्वतःचे वकील. भाषांतरानं मजकुराचा विपर्यास केलाय, म्हणून ते शब्दाशब्दावर अडून बसले. एकवीस तास बोलले. सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची हद्दपारी. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न पुरी झाली.

सहा वर्षांना सहा दिवस, असा हिशेब धरून गिरणगाव बंद राहिलं. गोळीबार झाला, माणसं मेली. सगळं श्रेय अग्रलेखांना देणं मात्र लबाडी होईल. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर ताणला गेला. तो राग आधीच साठलेला होता. ‘केसरी’नं त्याला सरकारचा पत्ता दिला.

त्याच वर्षी लेनिननं या संपावर लिहिलं. ज्यूरीतल्या साहेबांसारखंच त्यालाही मराठी येत नव्हतं.