हत्यारांचा कायदा व जुन्या दफ्तरांतील परवाने

आपल्याकडील जुन्या वाड्यांतून खंडेनवमीस पुजलेल्या तरवारी, पट्टे व कट्यारी अद्याप पाहावयास मिळतात. त्याच घराण्यांतील तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुका मात्र क्वचितच आढळतात. दफ्तरांचीही स्थिति अशीच आहे. विशिष्ट काळानंतर त्यांत बंदुकीचा उल्लेख आलाच, तर तो परवाना, अर्ज अथवा जप्ती या संबंधानेंच येतो. यावरून घराण्याचें क्षात्रतेज मावळलें असा निष्कर्ष काढणारे लेखक आहेत. तो निष्कर्ष घाईचा होय. या शांततेचें एक मोठें कारण कायद्यांत आहे, आणि तें नीट समजल्याखेरीज हे कागद बरोबर वाचतां येणार नाहींत.

शस्त्रधारणावर राजसत्तेचा निर्बंध ही गोष्ट इंग्रजांनींच प्रथम आणली असें नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील पांचव्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत, ज्यांस मुद्रेनें अनुज्ञा मिळाली आहे त्यांखेरीज इतर सैनिकांनीं निःशस्त्र फिरावें, अशा अर्थाचा नियम आहे. परवान्याची कल्पना ती हीच. परंतु कौटिल्याचा हा नियम मुख्यतः राजाच्या पदरच्या आयुधजीवींस उद्देशून आहे. सगळ्या प्रजेच्या घरांतील शस्त्रांची मोजदाद त्यांत अभिप्रेत नाहीं. ती मोजदाद आपल्याकडे १८५७ च्या उठावानंतर आली.

त्या वर्षीं १८५७ चा २८ वा कायदा झाला. तो अमलांत आणतांनाच मुधोळ संस्थानांतील हलगली येथील बेडरांनीं शस्त्रें देण्याचें नाकारलें व नोव्हेंबर १८५७ मध्यें तेथें रक्तपात झाला. पुढें १८६० चा ३१ वा कायदा आला. त्यांतील ३२ व्या कलमान्वयें सरकारास एखाद्या प्रदेशाचें सर्वसाधारण निःशस्त्रीकरण करतां येत असे. शेवटीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा ११ वा कायदा मंजूर झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा दाबणारा कायदाही त्याच मार्च महिन्यांतला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळीं १८८२ सालीं रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र १९६२ पर्यंत टिकला.

या कायद्याचीं तीन कलमें संग्राहकानें परस्परांपासून वेगळीं ओळखलीं पाहिजेत. तेराव्या कलमानें परवान्यावांचून कोणतेंही हत्यार घेऊन फिरण्यास बंदी केली. 'हत्यार' या शब्दांत बंदुकीबरोबरच तरवार, खंजीर, भाला, भाल्याचें पातें, इतकेंच नव्हे तर धनुष्यबाणही येत असत. चौदाव्या कलमानें तोफा, बंदुका व दारूगोळा परवान्यावांचून नुसता बाळगणेंही गुन्हा ठरविलें. पंधरावें कलम सर्वांत कडक. परंतु तें मुख्यतः १८६० च्या कायद्यान्वयें ज्या प्रदेशांचें निःशस्त्रीकरण झालें होतें त्यांपुरतें होतें. तेथें तरवारसुद्धां घरांत ठेवण्यास परवाना लागे. सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होत. शस्त्र लपविण्याच्या हेतूनें केलेल्या गुन्ह्यास ती मुदत सात वर्षांपर्यंत जाई.

यांतील तेराव्या व चौदाव्या कलमांतील भेद लक्षांत घेतला म्हणजे वाड्यांतील तरवारींचें कोडें बरेंचसें उलगडतें. जेथें पंधरावें कलम लागू नव्हतें तेथें तरवार देवघरांत राहूं शके. ती कमरेस लावून बाहेर पडणें तेवढें निषिद्ध होतें. बंदूक मात्र घरांत असणेंच परवान्यावर अवलंबून होतें. शिवाय परवाना व्यक्तीचा, कुळाचा नव्हे. परवानेदार वारला किंवा परवाना रद्द झाला कीं शस्त्र पोलीस ठाण्यांत जमा करावें लागे. वारसानें नवा परवाना मिळविला तरच तें परत येई. म्हणून एकाच बंदुकीसंबंधीं बापाचा परवाना, ठाण्याची पावती व मुलाचा अर्ज अशी मालिका सांपडली तर ती तोडूं नये. सुटा परवाना दुय्यम मोलाचा. ही सांखळी मात्र घराण्याच्या वंशावळीस व मृत्यूच्या काळास बळकट पुरावा पुरविते.

खटल्यांच्या कागदांतही एक खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एकोणतिसाव्या कलमाप्रमाणें, निःशस्त्रीकरण न झालेल्या प्रदेशांत विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला भरण्यापूर्वीं जिल्हा मॅजिस्ट्रेटची, आणि इलाख्याच्या राजधानीच्या शहरीं पोलीस कमिशनरची, मंजुरी आवश्यक असे. गंगा-यमुनेच्या उत्तरेकडील निःशस्त्र केलेल्या मुलखांत तिची गरज नव्हती. उठावाचा राग कायद्याच्या पोटांत असा नकाशासारखा उमटून राहिला होता. हा भेद राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाशीं विसंगत असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं, जियालाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणांत ठरविलें. तेव्हां जुन्या खटल्याच्या बस्त्यांत मंजुरीचें पत्र आहे कीं नाहीं, यावरून तो मुलूख कोणत्या वर्गांत मोडत होता याचा सुगावा लागतो.

कालनिर्णयासाठीं नियमावलींचीं वर्षें पाठ असावींत. १९०९, १९२० व १९२४ या तीन सालीं नव्या नियमावल्या झाल्या. परवान्याच्या शीर्षभागीं ज्या नियमावलीचा उल्लेख असेल, त्यापूर्वींचा तो कागद असूं शकत नाहीं. १९२० च्या नियमांचें महत्त्व विशेष आहे. तोंवर युरोपीय लोकांस केवळ वंशाच्या आधारें माफी होती. याच भेदाविरुद्ध काँग्रेसनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले होते. १९२० सालीं ही वांशिक माफी काढून टाकण्यांत आली. त्यानंतरच्या यादींत एखाद्या युरोपीय गृहस्थाचें नांव परवानेदार म्हणून आढळल्यास त्यांत नवल मानूं नये. त्यापूर्वींच्या यादींत तें नसलें तर त्याच्यापाशीं शस्त्र नव्हतें असेंही समजूं नये.

निर्बंध कडक असूनही त्यांचा हेतु कितपत सफल झाला, हा प्रश्न राहतोच. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. विनायकराव सावरकरांनीं विलायतेहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानांतील पेटीच्या चोरतळांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें पाठविलीं होतीं, असें १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालांत नमूद आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालांतून पन्नास माउझर पिस्तुलें व सुमारें ४६,००० काडतुसें क्रांतिकारकांनीं पळविलीं. ज्यांस शस्त्र हवेंच होतें त्यांनीं तें मिळविलें. कायद्याचा भार पडला तो शेतांतील डुकरें हांकण्यास ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्यावर.

याच्या उलट उदाहरण कुर्गाचें. कोडव लोकांस व जम्मा वतनदारांस १८६१ पासून माफी मिळाली. ती पुढें चालू राहून २०१९ सालीं २०२९ पर्यंत वाढविण्यांत आली. कैलपोढच्या सणास तेथें बंदूक पुजली जाते. आपल्या खंडेनवमींत बंदूक कां दिसत नाहीं याचें एक उत्तर या तुलनेंत आहे.

१९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांस सूट आहे. परंतु अट अशी कीं, दुरुस्त करूनही तें अग्न्यस्त्र म्हणून चालतां कामा नये. केवळ जुनी आहे एवढ्यानें बंदूक या सुटींत बसत नाहीं. संग्राहकानें ती विकत घेण्यापूर्वींच जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

कागदांस मात्र असा कोणताही निर्बंध नाहीं, आणि हानि त्यांचीच अधिक होते. बंदूक सरकारजमा झाली कीं तिचा परवाना निरुपयोगी ठरून रद्दींत जातो. त्यावर शस्त्राचें वर्णन, धन्याचें नांव, गांव, परवान्याचें कारण व अधिकाऱ्याची सही असते. ज्या घरांत शस्त्र उरलें नाहीं, त्या घरांत तें होतें याचा हा बहुधा एकमेव लेखी साक्षीदार. दफ्तर ताब्यांत घेतांना मोडी रुमालांच्या तळाशीं दुमडून पडलेले हे छापील तक्तेही मागून घ्यावे.