वसतिगृहातील टाळ : महाविद्यालयीन ख्रिस्ती मंडळांचा एक आढावा

संपादकांनी विषय दिला तो विस्तीर्ण आणि पृष्ठे दिली ती मोजकी. तेव्हा १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत शाळा काढली तेथून आरंभ करून पुढची सनावळी इमानेइतबारे उतरवून काढण्याचा माझा मुळीच विचार नाही. ती कामगिरी शतसांवत्सरिक अंकांनी वारंवार बजावली आहे. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. १८३९च्या मे महिन्यात त्या शाळेतील धनजीभाई नौरोजी ह्या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पालकांनी मुले काढून नेली, आणि तेव्हापासून महाविद्यालयातील ख्रिस्ती कार्य म्हटले की लोकांना बाप्तिस्म्यांची मोजदादच तेवढी आठवते. विरोधकांना ती धास्ती म्हणून, तर मिशनच्या दफ्तरदारांना जमाखर्च म्हणून.

माझे एक विद्वान प्रतिपक्षी (नाव घेण्याचे कारण नाही, ते हा अंक वाचतातच) महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचार हे मिशनच्या महाविद्यालयांचे अपत्य होय, असे कित्येक वर्षे प्रतिपादीत आले आहेत. मग रेव्हरंड टिळक कोणत्या महाविद्यालयाचे? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोरे तर काशीत ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी बायबल वाचू लागले आणि १८४८त ख्रिस्ती झाले. ते निवर्तले तेही १८९५ सालीच. आणि त्याच साली स्वीडनमधील वाड्स्टेना येथे जॉन मॉट प्रभृतींनी जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाची स्थापना केली. महाविद्यालयांनी विचारवंत जन्मास घातले नाहीत. आगगाडीत वा घाटावर उपजलेल्या प्रश्नाला बसायला त्यांनी चटई दिली, आणि माझ्या मते हे श्रेय लहान नाही.

पुढील अर्धशतक मी भरभर ओलांडतो. १९१२ साली भारतीय विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ निघाली, अभ्यासमंडळे, शिबिरे आणि ठराव यांचा सुकाळ झाला, आणि १९५४ साली सुवार्तावादी विद्यार्थ्यांनी आपला निराळा संघ उभारला. समाजोद्धार आधी की आत्मोद्धार आधी, ह्या वादाने कैक सभा तहकूब झाल्या, त्यांतील काहींना मी जातीने हजर होतो, आणि आज त्यांतील एकही वाक्य मला आठवत नाही.

आठवते ते कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले आणि टिळकांनी त्याला अभंगवाणी दिली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापिला, पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि खादी, शाकाहार व जमिनीवरची बैठक यांसह आश्रमधर्म पुण्यात रुजविला. ह्या परंपरेवर पोसलेले आमचे मंडळ मुंबईतील एका वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर शनिवारी रात्री जेवणानंतर भरे. पेटीचा काळी चारचा सूर अडकलेला असे, म्हणून आमची सारी पदे नाइलाजाने तो सूर चुकवून चालत. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग, उत्तररंगात शुभवर्तमानातील आख्यान, आणि मग, हे महत्त्वाचे, दिवा मालवेपर्यंत प्रश्न. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेविली होती. आमच्यातही बाप्तिस्मा न घेतलेलेच अधिक होते आणि खरे प्रश्न त्यांचेच असत. जन्माने ख्रिस्ती असलेल्या आम्हांला उत्तरे तोंडपाठ होती, म्हणून प्रश्न सुचत नसत.

एका टर्मला वरून लेखी हुकूम आला की टाळ व मृदंग ही वाद्ये ख्रिस्ती उपासनेस शोभत नसल्याने कपाटात जमा करावीत. पेटी राहू द्यावी, असेही त्यात नमूद होते. पेटी युरोपातून आली, एवढीच तिची पुण्याई असावी. मृदंग आम्ही जमा केला. टाळ धोब्याच्या गाठोड्यात दडवून ठेवले.

आजच्या मंडळांत वाद्यांवर बंदी नाही. गिटार आहे, ढोलांचा संच आहे, भिंतीवर पदांचे शब्द झळकतात, आणि ते बहुधा मराठी नसतात. मला त्याचा राग नाही असे म्हटले तर ते असत्य होईल. परंतु खरी हानी सुरांची नव्हे. गेल्या वर्षी एका मेळाव्यास मला बोलाविले. व्याख्यान घड्याळावर बरोबर संपले, लागलीच प्रार्थना झाली, लागलीच अल्पोपाहार. साठ-सत्तर तरुण, आणि शंका विचारायला एक मिनिट राखलेले नव्हते. संयोजक मोठ्या समाधानाने म्हणाले, “कार्यक्रम कुठेही रेंगाळला नाही.”

आमचा रेंगाळे. एका शनिवारी मी निकदेमाचे आख्यान लावले होते: परुशी पुढारी, रात्री लपत येशूकडे येतो, नवा जन्म म्हणजे काय ते विचारतो. मंगळवेढ्याकडचा आमचा एक सोबती होता, त्याचे वडील मुलाला भेटायला आलेले. गळ्यात तुळशीची माळ, दाराशी बसलेले. टाळ धरणारा मुलगा लय सोडू लागला तसे ते उठले, न बोलता त्याच्या हातून टाळ घेतले आणि शेवटापर्यंत वाजविले. मग म्हणाले, “पोरांनो, तो रात्री आला ते समजलं. दिवसाउजेडी कधी आला का?”

कोणालाच सांगता येईना. तेव्हा कंदिलाशी योहानाचे पुस्तक उघडून आम्ही शोध मांडला. सातव्या अध्यायात निकदेम सभेत येशूच्या बाजूने दबकत एक वाक्य बोलतो, तिकडे बोट दाखविले. बाबांनी मान हलविली, म्हणजे तेवढ्याने भागत नव्हते. अखेर एकोणिसावा अध्याय सापडला. वधस्तंभावरून देह उतरविल्यावर, अंधार पडण्यापूर्वी, तो गंधरस आणि अगरू यांचे ओझे घेऊन येतो. मी वाचून दाखविले.

“आला म्हणायचा,” टाळांची दोरी गुंडाळीत बाबा म्हणाले, “पण मातीला.” आणि रात्रीची पॅसेंजर चुकू नये म्हणून पिशवी उचलून ते जिना उतरू लागले.