जुन्या औद्योगिक यंत्रांतील सर्किट बोर्डचे दोषशोधन

जुन्या औद्योगिक यंत्राच्या नियंत्रण-कपाटातील सर्किट बोर्डवर बिघडलेला घटक किंवा तुटलेली जोडणी क्रमवार तपासणीने निश्चित करण्याच्या कामास सर्किट बोर्डचे दोषशोधन म्हणतात. लेथ, मिलिंग, प्लास्टिक मोल्डिंग इत्यादी यंत्रांचे यांत्रिक भाग अनेक दशके टिकतात. त्यांच्या नियंत्रक बोर्डांचे उत्पादन मात्र बरेच आधी थांबते. बदली बोर्ड न मिळाल्यास एरवी सुस्थितीत असलेले यंत्र भंगारात निघू शकते. म्हणून १९८० व १९९० च्या दशकांतील संगणक-नियंत्रित यंत्रांत मूळ बोर्ड दुरुस्त करण्याला विशेष महत्त्व आहे.

नेहमीचे दोष

कालमानाने होणारे बिघाड बहुधा गुंतागुंतीच्या चिपमध्ये नसून उष्णता, कंपन व रासायनिक क्रिया सोसणाऱ्या साध्या घटकांत आढळतात.

• इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर : यातील द्रव हळूहळू सुकतो. त्यामुळे धारिता घटते व अंतर्गत रोध वाढतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास आयुष्य साधारणतः निम्मे होते. गळलेला द्रव तांब्याच्या पट्ट्याही खातो.
• बॅटरी : निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळणारा अल्कधर्मी द्रव शेजारच्या जोडण्या गंजवतो.
• डाखाचे सांधे : तापणे-निवणे व कंपन यांमुळे जड घटकांच्या पायांभोवती सूक्ष्म वर्तुळाकार भेग पडते. असा दोष कधी दिसतो, कधी नाहीसा होतो.
• कनेक्टर व रिले : संपर्कबिंदूंवर गंज, तेलकट थर किंवा धातूची भुकटी साचते.

सुरक्षितता

मुख्य स्विच बंद केल्यानंतरही मोटर-ड्राइव्हमधील मोठे कपॅसिटर भारित राहतात. ४१५ व्होल्टच्या तीन-फेज पुरवठ्यावर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये हा दाब सुमारे ५८५ व्होल्ट, म्हणजे प्राणघातक असतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून मीटरने दाब उतरल्याची खात्री केल्याखेरीज आत हात घालू नये. बोर्ड हाताळताना स्थिर विद्युतापासून बचावासाठी भूसंपर्कित मनगटी पट्टा वापरतात.

स्मृतीचे जतन

अनेक नियंत्रकांत अक्षांच्या मर्यादा, वेग व स्क्रूच्या अंतरातील दुरुस्त्या बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेल्या असतात. बॅटरी संपली किंवा काढली, तर ही माहिती पुसली जाते आणि बोर्ड निर्दोष असूनही यंत्र चालत नाही. म्हणून यंत्र सुरू होत असेल, तर प्रथम सर्व मूल्यांची नोंद किंवा प्रत घेतात. काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपवरील चिकटपट्टी काढू नये. थेट सूर्यप्रकाशात त्यातील माहिती सुमारे आठवडाभरात पुसली जाऊ शकते.

तपासणीचा क्रम

१. सूचक दिवे, अलार्म क्रमांक व फ्यूज पाहणे. फ्यूज उडाला असल्यास नवा बसवण्यापूर्वी शॉर्ट शोधतात.
२. भिंगातून निरीक्षण : फुगलेले कपॅसिटर, जळकट डाग, हिरवट गंज.
३. वीजपुरवठा मोजणे. जुन्या टीटीएल चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मल्टिमीटरवर सरासरी दाब योग्य दिसला, तरी त्यातील चढउतार ऑसिलोस्कोपवर तपासतात. कारण यंत्र मधूनच बंद पडण्याचे मूळ तेथे असू शकते.
४. क्लॉक व रीसेट संकेत पाहणे.
५. पुरवठा तोडून, तशाच चांगल्या बोर्डवरील समान बिंदूंच्या रोधाशी तुलना करणे.

आरंभीच्या पायऱ्या टाळून अंदाजाने चिप बदलत गेल्यास मूळ दोष राहतो आणि उष्णतेने पट्ट्या उखडून नवे दोष निर्माण होतात.

दुरुस्ती व पडताळणी

नवा कपॅसिटर तेवढ्याच धारितेचा, समान किंवा अधिक व्होल्टचा व शक्यतो १०५ अंश सेल्सिअस क्षमतेचा निवडतात. बसवताना ध्रुव पाहणे आवश्यक असते. जुन्या बोर्डांवर बहुधा कथिल-शिशाचा डाख असतो; ६३:३७ प्रमाणातील असा डाख १८३ अंशांना वितळतो. शिसेविरहित डाखास सुमारे २१७ अंश लागतात, म्हणून जुन्या सांध्यांवर मूळ प्रकारचाच डाख सोयीचा ठरतो.

दुरुस्तीनंतर प्रथम मोटर न जोडता, नंतर पूर्ण भारावर, यंत्र तापेपर्यंत चाचणी घेतात. कपाटातील बंद पंखा किंवा तुंबलेली जाळी तशीच राहिल्यास उष्णतेमुळे तोच घटक पुन्हा निकामी होतो. त्यामुळे बिघाडाचे कारण दूर झाल्यावरच दोषशोधन पूर्ण झाले असे मानतात.