बसून गायिलेली लावणी

बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. शब्दांतला भाव डोळ्यांतून, मुद्रेतून आणि हातांतून उलगडते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या परंपरेच्या अग्रणी गायिका. १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाईंना गाण्याचे पहिले धडे आईकडून मिळाले. ज्या कलेला प्रतिष्ठित घरांत मज्जाव होता, तिच्यासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री लाभली. १०२ वर्षांचे आयुष्य जगून १५ मे २०१८ रोजी त्या निवर्तल्या.

या दीर्घायुष्याचे श्रेय गाण्याला देणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र वार्धक्यात स्वरयंत्राचे स्नायू क्षीण होतात, श्वासाचे बळ घटते आणि न वापरलेला आवाज अधिकच खोल जातो, हे खरे. म्हणून पाय थकले तरी खुर्चीत ताठ बसून, घोटभर कोमट पाणी पिऊन, रोज दहा मिनिटे गावे. दम लागल्यास थांबावे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : स्मृतिभ्रंशात नातवाचे नाव विसरलेल्या आजींनाही जुन्या गाण्याचे शब्द पुष्कळदा आठवतात. त्यांच्याजवळ बसून पहिली ओळ आपण म्हणावी. ‘या वयात कसली लावणी?’ असे म्हणून त्यांना गप्प मात्र करू नये.